पलंगावरची बंदरं

काकांच्या घरी नकाशा बघायचा असेल तर आधी हात धुवावे लागत. नुसते धुऊन भागत नसे. मागच्या अंगणात जायचं, दोन्ही तळवे वर करून उन्हात उभं राहायचं आणि ते आपोआप वाळू द्यायचे. टॉवेल चालत नसे. टॉवेलचा धागा हाताला लागतो आणि हाताचा कागदाला, असं ते म्हणत. ऊन नसेल त्या दिवशी नकाशा नाही.

एकदा आमच्या कॉलेजातले एक प्राध्यापक त्यांचं नाव ऐकून मुद्दाम आले होते. तोंडात पान होतं. काकांनी त्यांना अंगणात उभं केलं. प्राध्यापक हात वर करून उभे राहिले, तेवढ्यात काका म्हणाले, "तोंडही धुवावं लागेल साहेब. नकाशावर बोलता बोलता तुषार उडतात." प्राध्यापक तसेच ओल्या हातांनी सायकलवर बसले आणि गेले ते परत आले नाहीत. आत्याबाई, म्हणजे काकांची थोरली विधवा बहीण, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "झालं. आला होता एक माणूस वर्षातून, त्यालेही आंघोळ घालाले निघाला हा."

महालातल्या त्या गल्लीत त्यांना सगळे समुंदरवाले म्हणत. दूधवाला, किराणावाला, मुलं, सगळेच. समुद्र नागपुरापासून जितका लांब आहे तितका महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांपासून असेल, आणि काकांनी तो कधी पाहिला नव्हता. रामटेकच्या पलीकडे ते कधी सुटीसाठी गेले असतील असं मला वाटत नाही. जे फिरले ते नोकरीत, मोजणीच्या ऑफिसात नकाशे काढणारे म्हणून, आणि तेही शेता-बांधांतून.

पण त्यांच्याजवळ चौदा बंदरं होती. कोची, मलाक्का, गॉल, बटाव्हिया, हवाना, आणखीही. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले नकाशे. प्रत्येकात समुद्राच्या काठावर तटबंदी घातलेलं एक शहर. टोकदार बुरूज, खंदक, वखारी, चर्च, बंदरात खोली दाखवणारे बारीक आकडे. जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपुरातून गेली त्या दिवसांत सिव्हिल लाइन्समधले बंगले रिकामे होत होते. त्यातल्या कोण्या साहेबाचं पाठीतून उसवलेलं एक थोराड पुस्तक इतवारीत रद्दीला आलं होतं. दुकानदारानं त्यातलं एक पान गादीखाली अंथरलं होतं. काकांनी त्या दुकानदाराला गादीवरून उठवलं आणि उरलेली पानं घरी आणली.

ती पानं सपाट राहायला हवीत म्हणून घरातला एकुलता एक पलंग त्यांना दिलेला होता. खाली गादी, तिच्यावर स्वच्छ मांजरपाट, मग नकाशा, मग पुन्हा मांजरपाट, असे थर, आणि सगळ्यांच्या वर हलकी रजई. स्वतः काका खाली सतरंजीवर झोपत. "कोणी पाहुणा आला तर याले झोपवाचं कुठं?" आत्याबाई मला विचारत. "कोचीवर का मलाक्क्यावर?"

उन्हाळ्यात सगळ्या गल्लीत कूलर लागत. या एका घरात नाही. कूलरच्या ओलाव्यानं कागद फुगतो. नागपूरच्या मे महिन्यात काका खिडक्या लावून, घामाचा थेंब खाली पडू नये म्हणून कपाळाला पंचा बांधून, भिंग घेऊन बटाव्हियाच्या कालव्यांवरून फिरत. आत्याबाई ओला पदर डोक्यावर घेऊन शेजारी जाऊन बसत. "समुद्राच्या नकाशाले पाणी चालत नाही," त्या शेजारणीला सांगत, "आन् मी याची सख्खी बहीण उकडली तरी चालते."

मी त्यांच्या घरी कसा आलो ते सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच आहे.

आमचं गाव कुहीच्या पुढे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. कॉलेजात नाव घातल्यावर बाबा आणि मी खोली शोधत महालात फिरत होतो. तीन ठिकाणी नाही म्हणाले. चौथ्या घराच्या ओसरीवर एक उंच, वाळका माणूस ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढत बसला होता. बाबांनी खोलीचं विचारलं. त्यानं मान वर न करता विचारलं, "गाव कोणतं?"

बाबांनी गावाचं नाव सांगितलं. ब्लेड थांबलं.

"गावाच्या उगवतीला काय आहे?"

"उगवतीले? धानाच्या बांध्या आहेत जी, शेतंच शेतं."

"तलाव?"

बाबा हसले. हा आमच्या गावचा जुना विनोद होता. "तलाव आहे ना जी. पण कागदावर."

मग बाबांनी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगितलं. आमच्या भागात धान घ्यायचं तर तलाव लागतो. आजूबाजूच्या प्रत्येक गावाला जुना तलाव आहे, आम्हालाच नाही. धानाला शेवटचं एक पाणी मिळालं तर वर्षाचा भात घरात येतो. नाही मिळालं तर लोंब्या पोचट. दरवर्षी गावातली चार माणसं तालुक्याला अर्ज घेऊन जातात. दरवर्षी तिथला कारकून गावाचा नकाशा उघडतो, बोट ठेवतो आणि म्हणतो, तुमच्या गावाला तलाव आहे, दुसरा कशाला पाहिजे?

"आम्ही म्हणतो, साहेब, या आन् बुडून दाखवा," बाबा म्हणाले.

तो माणूस हसला नाही. पेन्सिल खिशात ठेवून उठला. "खोली मागच्या बाजूनं आहे. पोराले ठेवून जा." भाड्याचं काय ते आत्याबाईंनी नंतर सांगितलं. ते इतकं थोडं होतं की बाबांनी दोनदा विचारून घेतलं.

पहिले तीन-चार महिने मला नकाशे दिसले नाहीत. मी विचारायला भीत होतो. शहरातल्या माणसाशी काय बोलावं हेच मला कळत नसे. मग दिवाळीच्या सुटीआधी एका सकाळी त्यांनी हाक मारली, "हात धुतले का?"

पहिला नकाशा त्यांनी गॉलचा दाखवला. मला तेव्हाचं आजही नीट सांगता येत नाही. नकाशा म्हणजे मी तलाठ्याच्या पिशवीत घडी घातलेलं कापड पाहिलं होतं, ज्यावर आमच्या शेताला एक नंबर होता. हा नकाशा वेगळाच होता. काळ्या रेघा कागदावर किंचित उठून आलेल्या. काकांनी माझं बोट धरलं आणि नखाच्या मागच्या बाजूनं एका बुरुजावरून अलगद फिरवलं. बुरूज बोटाला लागला. तटाला लागून समुद्र सुरू होत होता, काठाशी दाट बारीक रेघा, आत जाताना विरळ, आणखी विरळ, मग कोरा कागद. त्या कोऱ्या कागदावर मला लाटा दिसत होत्या. मी श्वास धरून उभा होतो. मला वाटलं, आपल्या गावात कोणाला हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि सांगायला मला शब्दही नाहीत.

काही तरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "हे सगळं खरं आहे का काका?"

मला लगेच लाज वाटली. पण काकांनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी एवढ्यातच घरात आलो होतो.

"इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नाही," ते म्हणाले. "लोक विचारतात, जुना किती, किंमत किती. खरा आहे का, हे तू विचारलं."

त्या दिवसापासून मला दर रविवारी नकाशा मिळू लागला. तेव्हा मला कळलं की ते नुसते नकाशे बघत नाहीत, त्यांच्यातलं खोटं शोधतात. चौदाही नकाशांत कुठे ना कुठे एक खोटी रेघ आहे अशी त्यांची खात्री होती, आणि अकरांतली त्यांना सापडली होती. कुठे राजाला खूश करायला तट जाड केलेला. कुठे दुसऱ्याच्या नकाशावरून उचललेली नदी, जी उचलताना उलटी झाली. "जिथं यांना माहीत नसे तिथं हे जहाज काढत," ते म्हणत. "फार जहाजं दिसली की समजाचं, या बाजूले गडी गेलाच नाही."

मी घरी बसून त्या पाण्याच्या रेघा काढायला शिकलो. त्यांनीच शिकवलं. काठाजवळची रेघ हात न उचलता, पुढची तिच्यापासून किंचित लांब, तिच्या पुढची आणखी लांब. दोन वह्या भरल्या तेव्हा कुठे ते पहिल्यांदा "हं" म्हणाले.

त्यांच्याकडे एकाच डच बंदराचे दोन ठसे होते, एक त्या पुस्तकातला, दुसरा त्याच रद्दीत सुटा सापडलेला, एकाच पत्र्यावरून काढलेले, मध्ये बरीच वर्षं गेलेली. आधीच्या ठशात तटाच्या एका कोपऱ्यावर मोठा पंचकोनी बुरूज होता. नंतरच्यात तिथे नुसती भिंत. त्यांनी नंतरचा ठसा खिडकीशी तिरका धरला. "आता पाहा."

भिंतीच्या बाहेर, समुद्राच्या रेघांखाली, अगदी पुसट पाच कोन दिसले. बघत राहिलं तर दिसत, मान हलवली की जात.

"हा बुरूज बांधणार होते, म्हणून कोरणाऱ्यानं आधीच कोरून टाकला. बांधलाच नाही. मग पत्रा सुधारला. तांब्यावरची रेघ रबरानं जात नाही बाबू. पत्रा उलटा करावा लागतो, मागून हातोडीनं ठोकून तेवढी जागा वर आणावी लागते, मग घासून गुळगुळीत, मग नवीन रेघ. एवढं केलं तरी हे राहते."

"मग हा चांगला, की पहिला?"

त्यांनी नंतरच्या ठशावर बोट ठेवलं. "हा. यात त्यानं चूक कबूल केली." मग त्यावर मांजरपाट सारत, "मधल्या वर्षांत कोण कोण त्या बुरुजाच्या भरवशावर तिथं गेलं असेल, काय माहीत."

मला ते वाक्य नकाशाबद्दलच वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात बाबा तालुक्याहून थेट नागपूरला आले. अर्ज पुन्हा परत आला होता. या वेळी बाबांनी हट्ट धरून गावाच्या नकाशाची ट्रेसिंगची नक्कल काढून आणली होती. मला दाखवायची होती त्यांना. शिकलेल्या मुलाला काही तरी कळेल, अशी आशा. त्यांना अंगणातल्या नियमाची कल्पना नव्हती. ते सरळ काकांच्या खोलीत आले आणि एसटीच्या धुळीच्या हातांनी त्यांनी तो कागद टेबलावर उघडला. टेबलावर हवाना होतं.

मी पुढे धावलो. काकांनी मला हातानं थांबवलं.

गावाच्या उगवतीला तलाव होता. लांबट, पानासारखा. आणि त्याच्या काठाला चिकटून बारीक रेघा होत्या, आत जाताना विरळ, आणखी विरळ, मग कोरी जागा. गावाच्या नकाशात पाणी असं कोणी काढत नाही. तिथे नुसता निळा हात फिरवतात. मी दोन वह्या भरून त्या रेघा काढल्या होत्या. मला त्या अंधारातही ओळखू आल्या असत्या.

मी काकांकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

"हा मी काढला," काका म्हणाले.

बाबांना कळलं नाही. "काय जी?"

"हा तलाव. मी काढला. मंजुरीचा कागद आला होता, खोदणार आहेत म्हणून. जागेवर जाऊन मोजून काढाचा होता. मी गेलो नाही." ते उभेच होते. "नुकतेच हे नकाशे मिळाले होते. ही पाण्याची रेघ हातात बसली होती, आन् काढाले कुठं पाणीच नव्हतं. पाणी म्हणून हाच एक कागद समोर आला. बसल्या जागी काढला. पुढं ते काम रद्द झालं. साहेब नकाशा पाहून म्हणाले, काय सुंदर काढला आहे. इतका सुंदर की कोणाले शंकाच नाही आली."

बाबांनी कागदाची घडी घातली. घाई केली नाही. मग बाहेर ओसरीवर जाऊन बसले. आत्याबाईंनी चहा नेऊन दिला. तो तसाच निवला. "सोळा वर्षं, बाई," बाबा म्हणाले, "सोळा वर्षं आमची माणसं त्या दाराशी उभी राहून राहिली."

आत्याबाईंनी भावाची बाजू घेतली नाही, हे माझ्या लक्षात आहे.

मला वाटलं, आता बाबा माझी पेटी उचलतील. माझं नागपूर सुटणार, कॉलेज सुटणार, रविवार सुटणार. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला काकांचा राग यायला हवा होता, तो येत नव्हता, आणि न आल्याचीच लाज वाटत होती.

बऱ्याच वेळानं बाबा दारात आले. "मंग? आता काय करता?"

"आधी येतो," काका म्हणाले. "जिथं जाचं राहिलं होतं तिथं."

"पोट्टा इथंच राहील," बाबा म्हणाले. "तुमच्यावर नजर ठेवाले."

तिसऱ्या दिवशी काका आमच्या गावाला आले. साठी उलटलेला माणूस, एसटीनं कुहीपर्यंत, पुढे बैलगाडीनं. बाबा, मी आणि ते उगवतीला गेलो. धान निघालेलं होतं, बांध्यांत नुसती खुंटं. हातात ती नक्कल घेऊन काकांनी कागदावरच्या तलावाचा काठ पायांनी चालायला सुरुवात केली. बांध ओलांडत, तोंडानं पावलं मोजत, कुठे वाकून माती हातात घेत. पूर्ण फेरा झाला. मग ते आत वळले आणि मधोमध, जिथे रेघा संपून कोरा कागद सुरू होतो, तिथे जाऊन उभे राहिले. पायाखाली भेगा पडलेली जमीन होती. ते बराच वेळ हलले नाहीत.

बाबा बांधावरून म्हणाले, "बुडले काय जी?"

टोमणाच होता तो. पण आवाजात 'सोळा वर्षं' म्हणतानाइतकी धार नव्हती.

"बुडलो," काका म्हणाले.

ते ऑफिसात गेले तेव्हा मी बरोबर होतो. तिथले मोठे साहेब एके काळी काकांच्या हाताखाली पेन्सिली छिलायचे. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, काकांचा लेखी कबुलीजबाब वाचला आणि दार लावून घेतलं. "हे कागदावर कशाला आणता? चौकशी लागेल. पेन्शन अडकेल. मूळ नकाशा काढतो, ब्लेडनं अलगद खरवडून टाकू. तलाव नव्हताच. कोणाले समजते?"

ते प्रेमानंच सांगत होते. मला वाटलं काका हो म्हणतील. मी असतो तर म्हणालो असतो.

"खरवडाचा नाही," काका म्हणाले. "लाल शाईनं काट मारा. तलाव खाली दिसला पाहिजे. बाजूले लिहा, जागेवर न जाता काढला, आन् सही माझी घ्या."

"पण कशासाठी?"

"खरवडला तर यांच्या हातात काय राहील? सोळा वर्षं हे खरं बोलत होते, हे कुठं दिसेल?"

मूळ नकाशा आला. साहेबांनीच लाल शाईची दौत पुढे केली. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. मला आधी कळलं नाही. मग ते उठून बाहेरच्या नळावर गेले, हात धुतले आणि ऑफिसच्या आवारात, शिपाई आणि पक्षकारांसमोर, दोन्ही तळवे वर करून उन्हात उभे राहिले. कोणी तरी हसलं. हात पूर्ण वाळल्यावर ते आत आले आणि आपल्या हातानं आपल्या तलावावर काट मारली.

चौकशी लागली. पेन्शन सात महिने अडकली. आत्याबाई त्या सात महिन्यांत त्यांना एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणजे नकाशांवरून बोलत राहिल्या, याच्यावरून नाही. "चहात साखर नाही, हवानाले जाऊन घेऊन ये," एवढंच. आमच्या गावाचा अर्ज मात्र त्या वर्षी परत आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात दुष्काळी कामात तलाव धरला गेला. खोदायला बाबा होते, आई होती, सुटीत मीही होतो.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा तो पहिल्यांदा भरला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला गावाचा नकाशा हवा होता आणि तो मी काढावा असं ठरलं. मला दीड महिना लागला. काढून झाल्यावर तो गुंडाळून मी महालात आणला.

काकांच्या दोन्ही डोळ्यांत तोवर मोतीबिंदू पिकला होता. भिंग असून उपयोग नव्हता. पलंगावरची बंदरं ते बोटांनी बघत. माझा नकाशा साध्या शाईचा, बोटाला लागणार नाही असा. तो त्यांना दाखवून काय उपयोग, असं मला वाटेत वाटत होतं. मी ओसरीवर उभा राहून सांगितलं, "तलाव काढून आणला काका."

ते सतरंजीवर बसले होते. "गेला होता काय गा जागेवर?"

"हो काका. काठानं पूर्ण फिरलो. दोनदा."

"किती?"

"एक हजार दोनशे एकोणचाळीस पावलं. दुसऱ्यांदा एकेचाळीस आली."

ते ओठांतल्या ओठांत काही तरी जुळवत राहिले. बहुतेक त्यांची स्वतःची, त्या दिवशी कोरड्या बांध्यांतून मोजलेली पावलं. मग भिंतीचा आधार घेत उठले. आत्याबाई म्हणाल्या, "बस ना गा, कुठं चालला?"

ते भिंतीला हात लावत मागच्या दारातून अंगणात गेले. तांब्यातलं पाणी ओतल्याचा आवाज आला. मी मागच्या दारातून डोकावलो. दोन्ही तळवे वर करून ते उन्हात उभे होते.

मी नकाशाची दोरी सोडली आणि त्यांचे हात वाळायची वाट बघत थांबलो.